पाण्याची बत्ती

माझ्या गुरप्पामामाला राग यायचा नाही, राग त्याच्याकडे मुक्कामाला यायचा, तोही वळकटी घेऊन. एकदा आला की मामा त्याला जेवूखाऊ घालून वर्षानुवर्षं सांभाळायचा. सोलापूरच्या बाळीवेशीतल्या एका न्हाव्यानं त्याची मिशी एका बाजूनं जास्त कापली, तर मामानं त्या दुकानावरून जाणंच सोडलं. मागच्या बोळातून वळसा घालून घरी यायचा. पुढं न्हावी म्हातारा होऊन मेला. मामा मयतीला गेला आणि परत येताना सरळ त्या दुकानावरून आला. "रस्ता मोकळा झाला एकदाचा," असं मामीला म्हणाला. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला विसरता येत नसे.

त्याचा धंदा गॅसबत्त्यांचा. रॉकेल भरायचं, पंपानं हवा मारायची आणि काचेच्या आतली ती जाळीची पिशवी, मेंटल, पांढरीफेक पेटली की अख्खी गल्ली दिसायची. लग्नाला, उरसाला, भजनाला, कुठंही उजेड लागला की लोक म्हणत, गुरप्पाकडं जा. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. मामानं मला वाढवलं, या बत्त्यांच्या भाड्यावर बी.एस्सी. केलं, आणि मी कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर झाले तेव्हा दुकानासमोर पेढे वाटले. "आमची दाक्षायणी काचंच्या नळ्यांतनं धूर काढती," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

माझं लग्न चौऱ्याहत्तरच्या वैशाखात झालं. त्या साली अरबांनी तेल महाग केलं होतं. आमच्याकडं त्याचा अर्थ एवढाच की रॉकेल मिळेना. रेशनच्या दुकानापुढं बायका पहाटेपासून डबे मांडून बसत. वरातीला तर बत्त्या हव्यातच, आणि तीही गॅसबत्तीवाल्याच्या भाचीची वरात. मामा महादेवप्पाकडं गेला. महादेवप्पा रॉकेलचा ठोक व्यापारी, आमच्याच जातीचा, आमच्याच मठाचा शिष्य. जादा भाव घेतला तो घेतलाच. मामानं विचारलं, "माल सोच्छ हाय न्हवं?" तेव्हा महादेवप्पानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "शिवाची आण," म्हणाला.

लिंगायत माणसानं इष्टलिंगाला हात लावून सांगितल्यावर दुसऱ्या लिंगायतानं बाटलीत ओतून बघायचं नसतं. एरवी मामा प्रत्येक डबा काचेच्या बाटलीत ओतून उजेडाला धरून बघायचा. त्या दिवशी नाही बघितला.

मधल्या मारुतीच्या देवळापाशी वरात आली आणि पहिली बत्ती तडतडली. मग दुसरी. रॉकेलात पाणी असलं की ते टाकीच्या तळाला बसतं, आणि बत्ती तळातूनच तेल ओढते. मामा एका बत्तीकडून दुसरीकडं धावत होता, पंप मारत होता, पिनेनं भोकं साफ करत होता. डोक्यावर बत्त्या घेतलेल्या बाया जागच्या जागी उभ्या. एकेक करून सगळ्या विझल्या. वाजंत्री थांबली. मी मुंडावळ्या बांधून काळोखात उभी होते आणि शेजारी कुणीतरी कुजबुजत होतं.

तेवढ्यात महादेवप्पाचा आवाज आला. तो वरातीत पाहुणा म्हणून होता. "पोरीचं नशीबच अंधारं," तो मोठ्यांदा म्हणाला, "तितं राकेल बिचारं काय करणार?" लोक हसले.

हे वाक्य माझ्या सासूनं, रत्नम्मानं, ऐकलं आणि पदराच्या गाठीला बांधून ठेवलं. घरात दूध नासलं तरी तिला ते वाक्य आठवे. सासऱ्यांचा पाय मुरगळला तेव्हाही आठवलं. नवरा आईपुढं तोंड उघडायचा फक्त जेवायला. श्रावणात मला माहेरी पाठवलं ते न्यायला कुणी आलं नाही. मामा दोनदा विचारायला गेला. दुसऱ्या वेळी रत्नम्मानं दारातूनच सांगितलं, "अंधारी सून नको आमाला."

वरातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मामानं बत्तीतलं उरलेलं रॉकेल बाटलीत ओतून महादेवप्पाच्या पेढीवर नेलं होतं. खाली पाणी, वर रॉकेल, मधे रेघ. महादेवप्पानं बाटलीकडं नीट बघितलंसुद्धा नाही. "तूच घातलं असशील," म्हणाला, "पैसे परत मागायला." मामा घरी आला, बाटली देवळीत ठेवली आणि मामीला म्हणाला, आजपासून माझ्या हातानं राकेल जळणार न्हाई. आमच्या घरात करडईच्या तेलाचे दिवे आले. स्वतःच्या बत्त्या त्यानं माळ्यावर टाकल्या आणि दुसऱ्यांच्या बत्त्या दुरुस्त करून पोट भरू लागला.

मी परत आले त्या पावसाळ्यात एका दुपारी तो माझ्यापुढं येऊन बसला. बाटली त्याच्या हातात होती.

"दाक्षे, ह्या पाण्यात जळण्यासारखं काय हाय का गं?"

मी वैतागले होते. जगावरच वैतागले होते. म्हटलं, "आहे. पाण्यात दोन वायू असतात. वीज सोडली की वेगळे होतात. त्यातला हायड्रोजन जळतो."

"जळून काय हुतं?"

"परत पाणी."

मामानं बाटली उजेडाला धरली. "म्हंजे पाण्यातनं काढायचा, जाळायचा, आन् परत पाणी. मधल्यामधी उजेड आपला." मग हळूच म्हणाला, "महादेवप्पाला मधी कुटं जागाच न्हाई की."

पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं. तिकडं मोठ्या देशांतले शास्त्रज्ञ तेल संपेल या भीतीनं हायड्रोजनच्या मागं लागले होते. कॉलेजात येणाऱ्या मासिकांतून मी ते वाचत होते. गुरप्पामामाला तेल संपण्याची काही भीती नव्हती. त्याला महादेवप्पाच्या लेकीच्या वरातीत, महादेवप्पाच्या डोळ्यांदेखत, पाण्याची बत्ती लावायची होती. त्या लेकीचं लग्न अजून ठरायचं होतं. तोवर वेळ होता.

विजेचा पहिला प्रश्न. घरातली लाईट वापरू म्हटलं तर मामा म्हणाला, "लाईट जाती तवाच वरात निघती." मामीच्या भावाची जमीन कुंभारीच्या माळावर होती. तिथं वारा असा की डोक्यावरची टोपी गावात येऊन पडेल. मामानं मोडीतला ट्रकचा डायनामो आणला, पत्रे कापून पाती केली आणि लाकडी खांबावर पवनचक्की उभी केली. पहिल्या वाऱ्यात पाती उडून शेजारच्या शेतात गेली. दुसरी लहान केली, ती फिरली.

मी सांगितलं होतं की पाण्यात कॉस्टिक सोडा घालायचा. आमच्या गिरण्यांत कापडाला लागतो तोच. मी कॉलेजात असताना मामानं त्याऐवजी मीठ घातलं, कारण मीठ घरात होतं. मिठाच्या पाण्यातून हिरवट वायू निघाला आणि मामा, मामीचा भाऊ आणि एक म्हैस दिवसभर खोकत राहिले. मी त्याला इतकी बोलले की मामी मधे पडली. "सुम्मनिरु," तिनं मला कानडीत गप्प केलं. मामा मात्र खोकता खोकता विचारत होता, "हा वायू महादेवप्पाच्या पेढीवर सोडता यील का?"

लोखंडी पट्ट्या, कॉस्टिकचं पाणी आणि दोन पट्ट्यांमधे जाड सुती चादरीचा पडदा, म्हणजे दोन्ही वायू एकमेकांत मिसळू नयेत. सुतावर कॉस्टिकचा परिणाम होत नाही हे सोलापुरात शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. एका पट्टीवर बुडबुडे येऊ लागले. मी ते उपड्या भांड्यात धरले, काडी लावली, आणि भांड्यानं कुत्र्याच्या पिलासारखा एक भुंकार दिला. मामाचे डोळे चमकले. असा आनंद मी त्याच्या तोंडावर माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा बघितला.

चूक झाली ती बत्तीत. आम्ही एका जुन्या गॅसबत्तीची टाकी पाण्यानं भरली, पाणी हटवत तिच्यात हायड्रोजन घेतला, तोटीत चहाच्या गाळणीची बारीक जाळी थरावर थर बसवली, म्हणजे जाळ आत शिरू नये. संध्याकाळी माळावर मामानं ती पेटवली. हायड्रोजनची ज्योत दिसत नाही, पण मेंटल लख्ख पेटलं. मामीनं हात जोडले.

मग उजेड जरा उतरला.

बत्तीवाल्याचा उजवा हात डोक्याला विचारत नाही. उजेड उतरला की पंपाचे दोन ठोसे. बापापासून चालत आलेली सवय. मी "नको" म्हणेपर्यंत मामाचा हात पंपावर गेला होता आणि टाकीत हायड्रोजनबरोबर हवा भरली गेली होती. आवाज कुंभारी गावात ऐकू गेला. टाकीचा तळ उडाला. मामाच्या मिशा आणि भुवया जळाल्या आणि डावा कान कायमचा बहिरा झाला.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मी त्याच्या उजव्या कानाशी ओरडत होते. "हवा भरायची नाही! कधीच नाही! हवा मिसळली की स्फोट!"

तो तोंडावरच्या बँडेजच्या पट्ट्यांतून माझ्याकडं बघत होता. "मग बत्ती उतरली तर ढकलायचं कशानं?"

"पाण्यानं!" मी रागानं म्हणाले. प्रयोगशाळेत आम्ही तसंच करतो. वरच्या भांड्यातून पाणी सोडलं की ते खालच्या भांड्यात शिरतं आणि वायूला बाहेर ढकलतं. यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

मामा मात्र उठून बसला. पट्टीखालून त्याचं तोंड हसताना दिसत होतं, आणि जळलेल्या ओठांना ते हसू दुखत असणार. "म्हंजे बत्ती उतरली," तो सावकाश म्हणाला, "की वरनं पाणी घालायचं. कुणीतरी पाणी घालत ऱ्हायचं." मला वाटलं धक्क्यानं डोकं हललंय. त्याच्या मनात त्या क्षणी काय ठरलं ते मला फार उशिरा कळलं.

त्यानं पिंपं घेतली ती महादेवप्पाची. रॉकेलची रिकामी पिंपं, येडूच्या नावानं विकत घेतली. येडू म्हणजे साखर पेठेतला दुसरा बत्तीवाला. पिंपं धुऊन, सांधे डाग देऊन बुजवून, खाली पाण्याची नळी आणि वर वायूची नळी बसवली. बाहेरून पिवळ्या रंगात महादेवप्पाच्या पेढीचं नाव होतं. मी म्हटलं, रंग लावू. मामा म्हणाला, "नाव पुसायचं न्हाई. उलट जरा घासून काढ."

तीन पावसाळे आम्ही माळावर काढले. पिंप आधी पाण्यानं काठोकाठ भरायचं, हवेचा बुडबुडासुद्धा ठेवायचा नाही, मगच त्यात वायू घ्यायचा. वारा सुटला की साठा, पडला की वाट. मामानं कुंभारीतल्या जोतीराम गाडीवानाची बैलगाडी मागून तिच्यावर पिंपं रचली, वर एक पाण्याचं उघडं पिंप ठेवलं, चारी बाजूंना बांबूंवर बत्त्या टांगल्या, आणि माळावर गाडी फिरवून बघितली. वरचं पिंप भरलं की ते किती वेळात रिकामं होतं, तेवढ्यात गाडी कुठवर जाते, हे तो पुन्हा पुन्हा बघायचा. मला वाटायचं, हा काटेकोरपणा शास्त्रासाठी आहे.

आणि मी? मला विचाराल तर मला त्या मुलीची वरात अंधारात बघायची होती. कॉलेजातल्या बायका मला हळदीकुंकवाला बोलवायचं टाळत होत्या. मला महादेवप्पाच्या मुलीचा काही राग नव्हता, तरीही तिला मारुतीपाशी काळोखात उभी केलेली मी रोज मनात बघत होते. हे बरं नव्हे, हे मला कळत होतं. कळून ते थांबलं नाही.

सत्त्याहत्तरच्या माघात लग्न ठरलं. मुलगा सोलापुरातलाच, कापडाच्या मोठ्या व्यापाऱ्याचा. वरात मधल्या मारुतीवरूनच जाणार, दुसरा रस्ता नव्हता. मामा त्या दिवशी आंघोळ करून सिद्धेश्वराला जाऊन आला आणि मग येडूकडं गेला. तीन वर्षं त्यानं गावातल्या सगळ्या बत्तीवाल्यांच्या बत्त्या दुरुस्त केल्या होत्या. शिवाय महादेवप्पाच्या पाण्यानं कोळपला नाही असा बत्तीवाला सोलापुरात नव्हता. त्या तिथीसाठी महादेवप्पाचा माणूस बत्त्या मागायला ज्याच्याकडं गेला त्यानं सांगितलं, "बत्त्या दुसरीकडं लागल्यात." जनरेटर गावात एकच होता आणि तो श्रीपूरला साखर कारखान्याच्या कार्यक्रमाला गेलेला.

शेवटी महादेवप्पा स्वतः आला. दुकानाच्या फळीवर टेकला. अंगाला अत्तराचा वास.

"गुरप्पा, जुनं इसरायचं आता."

"इसरायचंच हाय," मामा म्हणाला. "बत्त्या देतो. पण राकेलवरच्या न्हाईत. दाक्षीनं काढलेल्या वायूच्या."

"जळतील न्हवं?"

"लिंगाला हात लावून सांगू का?"

महादेवप्पानं मान खाली घातली. मामानं पुढची अट सांगितली. वरात मामाच्या गाडीमागून जाईल आणि नवरीचा बाप पायी गाडीसोबत चालेल.

"त्यो तर मानच हाय की," महादेवप्पा म्हणाला आणि सुटल्यासारखा उठला. घासाघीससुद्धा केली नाही.

तो गेल्यावर मी मामाच्या चांगल्या कानाशी गेले. "मारुतीपाशी बंद करायच्या ना?"

"वायू बंद करायची मोठी चावी तुझ्या हातात असंल," तो म्हणाला. "बघ की."

वरात निघाली ती दिवेलागणीला. बत्त्या अशा पेटल्या होत्या की लोक माड्यांवरून बघत होते. व्याही कौतुक करत होते, आणि महादेवप्पा, रेशमी धोतर, जरीचा फेटा, ज्याला त्याला सांगत होता की ही नवी विलायती बत्ती आहे. पिंपांवर आपलंच नाव आहे हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो त्या बाजूला फिरकला नाही. मी गाडीवर चावीपाशी बसले होते. जोतीराम बैल हाकत होता. मामा पायी, उजवा कान गाडीकडं करून.

मधला मारुती दिसला. आणि गाडी देवळासमोर येते न येते तोच उजेड उतरायला लागला. मी चावीला हातही लावला नव्हता. वरच्या पिंपातलं पाणी संपलं होतं, बरोबर तिथं. तीन वर्षं माळावर मामानं हेच मोजलं होतं.

वाजंत्री अडखळली. गर्दीत कुजबुज उठली, आणि ती कसली होती ते मला चांगलं माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी हीच जागा, हीच माणसं. मी मागं बघितलं. बाशिंगाखाली त्या पोरीचा चेहरा पिवळा पडत चालला होता. तिनं नवऱ्याकडं नाही, सासूकडं बघितलं. मीही तसंच बघितलं होतं. माझा हात चावीवर गेला. अर्धा फेर फिरवला की सगळं संपलं. खरं सांगते, मला दया आली नव्हती. मी फिरवणार होते.

मामानं खालून माझं मनगट धरलं. "दाक्षे, अंधार केलास तर महादेवप्पा कुणाला दिसंल?"

मग तो महादेवप्पाकडं वळला. हातात टिनाचं नरसाळं होतं, रॉकेल ओतायचं, आणि गाडीत पाण्यानं भरलेल्या घागरी. आधी हळू, आपल्या घरच्या भाषेत म्हणाला, "नीर हाक्री, महादेवप्पा." आणि मग मराठीत, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं, "पाणी घाला. घालायची सवय हाय की तुमाला."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागं कुणीतरी हसलं.

"गुरप्पा," महादेवप्पा दातांतून म्हणाला, "माझ्या लेकीची वरात हाय ही."

"म्हणून तर उजेड अजून हाय. वर चढा. उशीर लावला तर विझंल."

त्यानं आजूबाजूला बघितलं. गडी पुढं झाला तर मामानं त्याला अडवलं. "गाडीसंगं नवरीचा बापच ऱ्हाणार अशी अट हुती." बत्त्या आणखी उतरल्या. व्याह्यानं विचारलं, "काय झालं?" आणि महादेवप्पा, ठोक व्यापारी, मठाच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसणारा, रेशमी धोतराचा सोगा खोचून बैलगाडीवर चढला. नरसाळं लावलं. घागर ओतली.

मेंटलं लख्ख झाली. त्याच्या डोक्यावरच बत्ती होती. फेटा, कपाळावरचं भस्म, गळ्यातलं लिंग, हातातलं नरसाळं, खालच्या पिंपावरचं त्याचं नाव, सगळं दिवसासारखं दिसत होतं.

"आणखी," मामा म्हणाला.

गाडी पुढं निघाली, महादेवप्पा वर उभा राहून ओतत होता. मामानं आणलेल्या घागरी संपल्या. त्यापुढं मामानं काय योजलं होतं मला माहीत नाही, कारण ते करायची वेळच आली नाही. एका घरातून एक म्हातारी घागर घेऊन बाहेर आली. "घ्या बापा," म्हणाली, "तुमच्या राकेलातलं आमी साठवून ठिवलं हुतं." चौक फुटल्यासारखा हसला. मग दुसऱ्या घरातून बादली आली. तिसऱ्यातून हंडा. सोलापुरात पाणी कुणी कुणाला फुकट देत नाही. नळ एक दिवसाआड, त्यासाठी बाया एकमेकींच्या झिंज्या धरतात. त्या दिवशी तो रस्ता पाणी वर देत होता, हातोहात, आणि महादेवप्पा ओतत होता. ओतलं नाही तर लेकीवर अंधार. ओतलं तर हे. त्याचं धोतर भिजून पायाला चिकटलं, जरीचा फेटा ओघळायला लागला. कुणी त्याला शिवी दिली नाही. नुसतं पाणी दिलं.

मला काय वाटलं ते सांगते. फार बरं वाटलं. इतकं बरं मला आयुष्यात पुन्हा वाटलेलं नाही.

पुढच्या वळणावर माझं सासर होतं. रत्नम्मा ओट्यावर उभी होती. ती आत गेली आणि भरलेला तांब्याचा हंडा कमरेवर घेऊन गाडीपाशी आली. महादेवप्पाच्या हातात दिला आणि म्हणाली, "आमच्या सुनेच्या वरातीतलं हे. न्या परत." मग माझ्याकडं वळली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "सूनबाई," म्हणाली, "दोष राकेलाचा हुता. झालं गेलं. घरी ये आता."

हंडा रिकामा होऊन परत आला होता. मी तो तिच्या हातात दिला. "बाजूला व्हा," म्हटलं, "गाडीला वाट द्या."

नवऱ्यामुलाच्या दारापर्यंत बत्त्या जळल्या. ती पोरगी माप ओलांडून लख्ख उजेडात घरात गेली. महादेवप्पा उतरला तेव्हा मामानं नरसाळं त्याच्या हातातून घेतलं, पुसलं आणि गाडीत ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून महादेवप्पाच्या पेढीवर जो तो काचेची बाटली घेऊन जाऊ लागला.

आठवड्यानं मामा माळावर गेला आणि पवनचक्कीची पाती उतरवायला लागला. मी मागोमाग गेले. "हे काय चाललंय?"

"मोडीत घालतो. माझं काम झालं. उद्यापास्नं राकेलच्या बत्त्या काढायच्या माळ्यावरनं."

मी चिडले. म्हटलं, "मामा, हे वाऱ्यावर चालतं, पाण्यावर जळतं, याला ना पेढी लागते ना रेशनची रांग. मोठमोठ्या देशांत हेच शोधतात आणि तुम्ही मोडीत घालता?"

त्यानं पाती खाली ठेवली. भाजलेल्या ओठावर मिशा पुन्हा अर्ध्याच उगवल्या होत्या, त्या कायमच्या, त्यामुळं तो हसतोय की नाही ते नीट कळत नव्हतं. "पोरी, हे नुसत्या वाऱ्यावर चालत न्हाई. तीन वर्सं ऊन, पाऊस, कानाचा पडदा, ह्याला आत राग लागतो. माझा संपला. माझा रस्ता मोकळा झाला." मग माझ्याकडं नीट बघत म्हणाला, "तुझा हाय का शिल्लक?"

मला रत्नम्माचं 'झालं गेलं' आठवलं. आईच्या मागं ओट्यावर उभा असलेला माझा नवरा आठवला. त्या दिवशीही त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

"आहे," मी म्हणाले.

"किती पुरंल?"

"पुष्कळ."

मामानं कमरेला बांधलेली पिंपाची मोठी चावी सोडली आणि माझ्या हातावर ठेवली. मग आम्ही दोघांनी मिळून पाती परत वर चढवली.